पाऊस पाचव्या हिश्शाने कमी, मग पीक निम्म्याहून कमी का?

प्रश्न : आमची पाच हेक्टर कोरडवाहू जमीन आहे, दोन हेक्टर खोल काळी आणि उरलेली तीन उथळ, मुरमाड. पूर्वी आम्ही ज्वारी आणि तूर घेत असू. तीन वर्षांपूर्वी भाव चांगला मिळतो म्हणून वडिलांनी बहुतेक रान मक्याखाली आणले आणि पहिली दोन वर्षे ते फायद्याचे ठरले. गेल्या हंगामात एकूण पाऊस सरासरीच्या ८० टक्के झाला, मात्र मका ऐन तुऱ्यात असताना २६ दिवस पावसाने दडी मारली आणि उतारा नेहमीच्या ४० टक्क्यांवर आला. घरचा हिशेब मी ठेवते. पाऊस पाचव्या हिश्शाने कमी आणि पीक निम्म्याहून कमी, हे गणित मला सुटत नाही. आता वैरण संपत आली आहे. घरात दोन बैल, दोन गाई, एक कालवड आणि सहा शेळ्या आहेत. बांधाकडच्या ज्वारीच्या तुकड्यात कापणीनंतर कोवळे फुटवे आले आहेत, तेवढाच काय तो हिरवा चारा. वडील म्हणतात, गुरे आणखी दोन-तीन महिने कशीतरी ओढून न्यावीत आणि कर्ज काढून खोल कूपनलिका घ्यावी. थोरल्या भावाला बाहेर काम शोधायचे आहे, त्याला वडील ‘पळ काढणे’ म्हणतात. आमचे चुकले कुठे आणि आता काय करावे?

उत्तर : आपल्या प्रश्नांचा क्रम मोडून मी चाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोष्टींना आठवडाभर लागला तरी चालेल, ही मात्र थांबण्यासारखी नाही. ज्वारीच्या त्या कोवळ्या फुटव्यांवर गुरे सोडू नका. पाण्याचा ताण सोसून पुन्हा फुटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य भरपूर असते. जनावराने पान चावले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष मोकळे होते आणि रिकाम्या पोटी आलेले जनावर पाहता पाहता कोसळते. तोच पाला कापून उन्हात चांगला वाळवला तर हा धोका बराच उतरतो. मक्याच्या धाटांची गोष्ट वेगळी आहे. पिकाने उचललेले नत्र दुष्काळात वाढीसाठी पुरते वापरले जात नाही, ते नायट्रेटच्या रूपाने धाटाच्या बुडख्यात साठून राहते. जास्त झाले की हे नायट्रेटही जनावराला विषारी ठरते, आणि ते वाळवल्याने कमी होत नाही. म्हणून मक्याची कुट्टी करताना बुडख्याकडचा वीतभर भाग वगळावा, उरलेली कुट्टी दुसऱ्या कोरड्या वैरणीत मिसळून थोडी थोडी द्यावी आणि भुकेल्या जनावरापुढे ती एकटी टाकू नये. पशुवैद्यकाकडून चाऱ्याचा नमुना तपासून घेता आला तर उत्तमच.

आता आपले न सुटणारे गणित. आपण पाऊस आणि उतारा यांच्यात सरळ प्रमाण धरले आहे, आणि बहुतेक लोक तेच धरतात. पण पडलेल्या पावसातला एक वाटा पिकाला कधी मिळतच नाही. पेरणीपासून पाने रान झाकेपर्यंत उघड्या जमिनीवरून बरेचसे पाणी वाफ होऊन उडते, आणि हा वाटा पाऊस कमी झाला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कोरडवाहू गव्हाचा अभ्यास करून फ्रेंच आणि शुल्ट्झ या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये एक साधा आडाखा मांडला होता : हंगामात पिकाच्या रानातून जितके पाणी खर्च होते त्यातले सुमारे ११० मिलीमीटर जमिनीवरूनच उडून जाते असे समजा, आणि त्यापुढच्या प्रत्येक मिलीमीटरला हेक्टरी जास्तीत जास्त २० किलो धान्य धरा. या आडाख्याने २५० मिलीमीटर पाण्यावर उताऱ्याची वरची मर्यादा हेक्टरी २,८०० किलो येते. पाणी पाचव्या हिश्शाने घटून २०० मिलीमीटर झाले की तीच मर्यादा १,८०० किलोवर उतरते. पाणी २० टक्क्यांनी कमी, धान्य जवळजवळ ३६ टक्क्यांनी कमी. आकडे गव्हाचे आणि त्या मुलखाचे आहेत, आपल्या मक्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गणिताची रीत सगळीकडे तीच आहे. जमिनीचा वाटा आधी कापला जातो, म्हणून तूट सगळी पिकाच्या वाट्यावर पडते.

तरीही यातून आपले निम्मेच नुकसान उलगडते. उरलेले त्या २६ दिवसांत आहे.

मक्याच्या झाडाला तुरा आधी येतो आणि कणसाचे केस त्यानंतर बाहेर पडतात. एकेका केसाच्या मुळाशी एकेक दाणा असतो, आणि त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा धरतो. ओल चांगली असेल तर तुरा आणि केस यांच्यात फार थोडे अंतर राहते. पाणी तुटले की केसांची वाढ अडते, तुरा मात्र आपल्या वेळेला पराग सांडून मोकळा होतो. आठवडाभरात पराग संपतो आणि उशिरा आलेले केस कोरडेच राहतात. आपण गेल्या हंगामातली कणसे सोलून पाहिली असतील तर बुडाला किंवा मध्येच कुठेतरी विखुरलेले दाणे आणि बाकी उघडी बुरकुंडी, असे चित्र दिसले असेल. ते कणीस दाणे भरताना पोचट राहिलेले नव्हते, त्यात दाणा धरलाच नव्हता. म्हणूनच सत्ताविसाव्या दिवशी आलेला पाऊस पर्जन्यमापकात जमा झाला, वर्षाच्या सरासरीत मिळाला, पण कणसाच्या दृष्टीने तो न आल्यासारखाच होता.

ज्वारी असे करत नाही. ताण पडला की तिची पाने गुंडाळली जातात, वाढ थबकते आणि पाऊस परत आला की ती पुन्हा चालू लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये पिकांची पाण्याशी असलेली ही नाजूकता एका गुणकात बसवली. संपूर्ण हंगामात पिकाच्या गरजेपेक्षा १० टक्के पाणी कमी पडले तर मक्याचा उतारा सुमारे १२.५ टक्क्यांनी घटतो आणि ज्वारीचा ९ टक्क्यांनी. तीच तूट मक्याच्या फुलोऱ्यात आली तर घट १५ टक्क्यांवर जाते. कागदावर हा फरक मोठा वाटत नाही. मात्र तूट १० ऐवजी ४० टक्क्यांची असते तेव्हा तोच फरक घर आणि कर्ज यांच्यामधला फरक ठरतो.

यात तिसरी भर आपल्या मुरमाड रानाने घातली. पावसाच्या खंडात पीक पावसावर जगत नाही, जमिनीच्या पोटातल्या ओलीवर जगते, आणि ही साठवण मातीगणिक फार बदलते. भारी चिकण माती एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असे १७५ ते २५० मिलीमीटर पाणी धरते. वाळूसर मातीत तेच २५ ते १०० मिलीमीटरपर्यंत येते. फुलोऱ्यातला मका दिवसाला साधारण ५ मिलीमीटर पाणी ओढतो असे धरले तर २६ दिवसांना १३० मिलीमीटर लागतात. आपल्या काळ्या रानात, खंड सुरू होण्यापूर्वी ओल पूर्ण मुरलेली असती तर, हे पाणी कसेबसे निघाले असते. अर्थात साठ्यातले निम्मे पाणी संपले की पिकाला ताण जाणवू लागतो, त्यामुळे तेथेही नुकसान झालेच असते. पण वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या तीन हेक्टरांत आठवड्याभरातच बुडाला हात लागला असणार. काळ्या आणि मुरमाड रानातला मका आपण वेगवेगळा मोजला होता का, हे पत्रात नाही. मोजला नसेल तर या हंगामापासून प्रत्येक तुकड्याचा उतारा वहीत निराळा लिहा, कारण दोन्ही रानांची मिळून काढलेली सरासरी पुढच्या पेरणीला काहीच शिकवत नाही.

तेव्हा चुकले कुठे, याचे माझे उत्तर असे : मका घेण्यात चूक नव्हती, मुरमाड रानात मका घेण्यात होती, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे दोन चांगल्या वर्षांना नेहमीची वर्षे समजणे. ही चूक आपल्या वडिलांनीच केली असे मात्र मुळीच नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८६४–६५ च्या दुष्काळानंतर जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षण अधिकाऱ्याने घोड्यावरून मुलूख पालथा घालून, झुडपे कुठे बदलतात हे पाहत, नकाशावर एक रेषा आखली : रेषेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला पेरणीचा भरवसा धरू नका. पुढे १८७० च्या दशकात ओळीने पावसाची चांगली वर्षे आली. नांगराच्या मागोमाग पाऊस येतो असे लोक म्हणू लागले, सरकारवर दबाव आला, रेषेपलीकडची जमीन पेरणीसाठी खुली झाली आणि तेथे वस्त्या उभ्या राहिल्या. १८८० च्या दशकात दुष्काळ परतला आणि ती शेते सोडून लोक माघारी आले. त्यांच्या दगडी घरांच्या भिंती तेथे अजून उभ्या आहेत. आपल्या पाच हेक्टरांतही अशी एक रेषा आहे, काळ्या आणि मुरमाड रानाच्या मधून जाणारी, आणि ती वडिलांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. दोन वर्षांच्या भावाने ती त्यांना विसरायला लावली, इतकेच.

आता पैशाकडे वळू, कारण खरे नुकसान अजून व्हायचे आहे आणि ते बरेचसे आपल्या हातात आहे. पिकाच्या घटीपेक्षा घरच्या मिळकतीची घट नेहमी मोठी असते. चांगल्या वर्षाचे उत्पन्न १०० माना आणि बियाणे, खत, मशागत, मजुरी मिळून खर्च ६०. हाती ४० राहतात. खर्च जवळजवळ सगळा पावसाचा खंड पडण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. उतारा ४० टक्क्यांनी घटला तर हाती शून्य येते. आपला ६० टक्क्यांनी घटला, म्हणजे २० पदरचे गेले, आणि हे २० पुढच्या पेरणीच्या भांडवलातून गेलेले आहेत. भाव वाढून ही खोट भरून निघेल असे अनेकांना वाटते. दुष्काळ दूरवर पसरलेला असेल तर भाव चढतो हे खरे आहे, पण त्याचा लाभ ज्याच्याकडे विकायला धान्य आहे त्याला होतो. आणि दुष्काळ एका पट्ट्यापुरता असेल तर बाहेरचा माल येऊन भाव जागच्या जागी राहतो, मग पीकही जाते आणि भावही मिळत नाही.

धान्याचा भाव चढो वा न चढो, गुरांचा भाव मात्र ठरलेल्या वाटेने खाली येतो. वैरण सगळ्यांची एकाच महिन्यात संपते, सगळे एकाच बाजारात गुरे घेऊन उभे राहतात, घेणाऱ्यालाही ती पोसायची असतात, आणि हाडे दिसू लागलेल्या जनावराला मोल कोण देणार? अमर्त्य सेन यांनी इथिओपियातील १९७२–७४ च्या दुष्काळाचा अभ्यास करताना नेमके यावर बोट ठेवले. तेथील पशुपालकांची गुरे तर मेलीच, पण जी वाचली त्यांच्या बदल्यात मिळणारे धान्यही घटले. गुरे कमी आणि प्रत्येक गुराची किंमतही कमी, असा दुहेरी फास त्यांना बसला. वोलो भागात पीक बुडाले होते, तरी धान्याचे भाव फारसे चढले नव्हते, कारण उपाशी माणसांच्या हाती खरेदीला पैसाच नव्हता. दुष्काळाचे अर्थशास्त्र मला विचाराल तर ते या एका गोष्टीत बरेचसे येते. घराला आग लागली तर शेजारी धावून येतो. अवर्षणात शेजाऱ्याच्या घरालाही तीच आग लागलेली असते. मजुराला काम नाही, म्हणून दुकानदाराची उधारी थकते, म्हणून दुकानदार पुढच्या हंगामाला बियाणे उधार देत नाही, आणि सगळा परिसर एकदमच हात आखडता घेतो.

म्हणून गुरे दोन-तीन महिने ओढून नेण्याच्या वडिलांच्या बेताशी मी सहमत नाही. वैरण मोजा. शिल्लक कडबा आणि कुट्टी यांचे वजन अंदाजाने का होईना काढा, सगळ्या जनावरांना रोज मिळून किती लागते ते पाहा, आणि नवा चारा येण्याच्या तारखेपर्यंत किती जनावरांना ते पुरेल याचा आकडा काढा. जितकी पुरणार नाहीत तितकी आत्ताच, अंगावर मांस आहे तोवर विका. कोणती, हे मी ठरवू शकत नाही, पण क्रम सांगू शकतो. दोन गाईंपैकी जी भाकड किंवा म्हातारी आहे ती पहिली. मग शेळ्यांतले बोकड आणि जास्तीच्या शेळ्या. शेळ्यांचा कळप लवकर भरून येतो, दोन चांगल्या माद्या राखल्या तरी पुरे. कालवड शेवटपर्यंत राखा, कारण वासरापासून दुभत्या गाईपर्यंत साधारण तीन वर्षे जातात आणि ती तीन वर्षे बाजारात विकत मिळतात तेव्हा महागच मिळतात. बैलांचा प्रश्न कठीण आहे. ते विकले आणि पाऊस वेळेवर आला तर पेरणी भाड्याच्या अवजारांवर, दुसऱ्याच्या सवडीने करावी लागेल, आणि कोरडवाहूत चार दिवसांचा उशीरही पुष्कळ असतो. माझा कल बैल ठेवण्याकडे आहे, पण शेजारी भरवशाने वेळेवर पेरून देणारे कोणी असेल तर हिशेब बदलतो. बियाणे, अवजारे आणि जमीन यांना या यादीत जागा नाही. मुलांच्या ताटालाही नाही. झिंबाब्वेत १९९४–९५ च्या दुष्काळानंतर केलेल्या पाहणीत, त्या वेळी एक ते दोन वर्षांची असलेली मुले उंचीत दीड-दोन सेंटीमीटर मागे पडलेली आढळली होती. घरात त्या वयाचे लेकरू असेल तर त्याच्या दुधासाठी एक शेळी जास्त राखलेली परवडते.

कूपनलिका या वर्षी नको. त्याची कारणे अशी. जमिनीवरचा दुष्काळ आणि जमिनीखालचा दुष्काळ एकाच दिवशी येत नाहीत. भूजल उशिरा उतरते आणि उशिराच भरते, त्यामुळे आज लागलेले पाणी पुढच्या वर्षी लागेलच असे नाही. शिवाय अवर्षणाच्या वर्षी आपल्यासारखा विचार आजूबाजूला सगळेच करतात, आणि एकाच साठ्यात अनेक नळ्या उतरल्या की जो अधिक खोल जातो तो बाकीच्यांचे पाणी ओढतो, मग पुढच्या वर्षी आणखी खोल जाण्याचे कर्ज. कर्जाचा हप्ता पाऊस पाहत नाही, आपले उत्पन्न मात्र पावसावरच उभे आहे. परिसरात एखादी जुनी विहीर असेल तर तिची पाण्याची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर दोरीने मोजून लिहून ठेवा, आणि उपसल्यावर ती किती तासांत पूर्ववत भरते तेही पाहा. दोन वर्षांच्या अशा नोंदी हाती असतील तेव्हा नळीचा विचार करता येईल, त्याआधी तो जुगार आहे.

त्याच पैशाचा लहानसा भाग पावसाचे पाणी अडवण्यावर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एका हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. मक्याला फुलोऱ्यात ५० मिलीमीटरची एक पाळी द्यायची तर हेक्टरी ५०० घनमीटर पाणी लागते. तेवढे पाणी धरणारे शेततळे आपल्या काळ्या रानाच्या उतारावर बसते का, ते पाहा. मात्र उघडे पाणी कोरड्या हवेत रोज काही मिलीमीटर उडते आणि तळ झिरपतो तो वेगळा, म्हणून गरजेपेक्षा मोठे धरावे लागेल. ही एक पाळी म्हणजे बागायत नव्हे. ती तुऱ्याच्या त्या दहा-बारा दिवसांचा विमा आहे. मुरमाड रानाला तळ्याची गरज नाही, त्याला उतारावर आडवी मशागत, दगडी बांध आणि आच्छादन हवे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाच्या उत्तर भागातील यातेंगा प्रांतात याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या, दुष्काळांच्या काळात ‘झाय’ नावाची जुनी खड्ड्यांची पद्धत सुधारून पुन्हा वापरात आणली : कोरड्या दिवसांतच कडक जमिनीत वीतभर रुंद-खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचे, आणि पहिला पाऊस आला की धान्य त्यातच टोकायचे. वाळवी त्या खताकडे ओढली जाऊन जमीन आतून पोकळ करते आणि वाहून जाणारे पाणी खड्ड्यात थांबते. त्या कामासाठी सावाडोगो यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पद्धत कष्टाची आहे, हे लपवत नाही. तीन हेक्टर एका उन्हाळ्यात होणार नाही. अर्ध्या हेक्टरवर करून पाहा.

पुढच्या पेरणीचा बेत आत्ता, आभाळाकडे न पाहता, कागदावर करा. पेरणीच्या दिवसांत माणूस उतावीळ असतो आणि शेजाऱ्याचे तिफण चालू झाले की त्याचा धीर सुटतो. काळ्या रानात मका किंवा जे चांगला भाव देईल ते, मुरमाड रानात ज्वारी आणि तूर मिश्र, हा पाया ठेवा. त्यावर तारखा बांधा : अमुक तारखेपर्यंत जमिनीत वीतभर खोल ओल मुरली तर हा बेत, नाही मुरली तर काळ्या रानातही मका सोडून लवकर येणारे वाण, आणि त्यानंतरचीही एक तारीख हुकली तर चाऱ्याचे पीक. त्या तारखा आपल्या भागातल्या जुन्या पावसाच्या नोंदींवरून आणि जवळच्या कृषी विस्तार अधिकाऱ्याला विचारून ठरवा, मी येथून सांगणे बरोबर नाही. पहिल्या वळवावर पेरण्याचा मोह आवरा, वाफसा हाताने उकरून पाहा. दुबार पेरणीचे बियाणे हे दुष्काळातले सगळ्यात महाग बियाणे असते, म्हणून थोडे राखून ठेवलेले बरे. नत्राचा सगळा हप्ता पेरणीबरोबर देऊ नका. सुरुवातीच्या ओलीवर खताच्या जोरात वाढलेले हिरवेगार पीक आपले पाणी पानांवरच उधळून बसते आणि दाणे भरताना त्याच्याकडे काही उरत नाही; अर्धे खत राखा आणि पाऊस चालू असेल तरच द्या. झाडांची दाटी कमी ठेवा. खंड पडल्यावर कोळपणी थांबवू नका, काळ्या जमिनीच्या भेगा मातीने बुजल्या की आतली ओल टिकते.

पीक विमा घेण्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक वाक्य. विमा घ्याच, पण भरपाई कशाच्या मापाने मिळणार ते आधी वाचा. काही योजना आपल्या शेताचे नुकसान मोजतच नाहीत. एखाद्या ठरावीक ठिकाणचा पाऊस किंवा उपग्रहाने टिपलेली हिरवळ ठरावीक पातळीखाली गेली की पैसे देतात. केनियातील मार्साबित येथे २०१० पासून गुरांसाठी असा हिरवळीवर बेतलेला विमा चालवला गेला. पाहणी करायला माणूस पाठवावा लागत नसल्याने यात पैसे लवकर मिळू शकतात, हा त्याचा गुण. पण आपले पीक जळाले आणि मोजणीच्या ठिकाणी सरी पडून गेल्या असतील, तर हाती काही येत नाही. आपल्यासारखा एकूण पाऊस ८० टक्के आणि घात २६ दिवसांच्या खंडाचा, अशी स्थिती असेल तर भरपाईच्या अटींत हंगामाच्या बेरजेऐवजी खंडाचे दिवस मोजले जातात का, हा पहिला प्रश्न विचारा.

राहिले थोरले बंधू. वडिलांचा शब्द मला पटत नाही. शेतातल्या सगळ्या मिळकती, धान्य, दूध, मजुरी, अगदी वैरणीची विक्रीसुद्धा, एकाच पावसावर टांगलेल्या आहेत आणि त्या एकदमच कोसळतात. दूरवरचा पगार हा घरातला एकच पैसा असा की जो त्या पावसाला ओळखत नाही. अवर्षणाच्या मुलखांतली घरे जगभर पूर्वापार याच एका पैशावर तगलेली आहेत, आणि त्यांतली बहुतेक माणसे पेरणीला परत आलेली आहेत. पण जाण्यापूर्वी दोन गोष्टी घरात बसून ठरवाव्यात. त्यांच्या पहिल्या काही महिन्यांच्या पैशातून आधी वैरण आणि बियाणे, मग बाकीचे, हे त्यांनी आणि वडिलांनी दोघांनी मान्य करावे. आणि ते गेल्यावर त्यांची कामे कोणाकडे जाणार, हे नावानिशी लिहावे. पाणी आणणे, गुरांचे चारा-पाणी, कोळपणी या कामांची वाटणी कोणी न करता ती आपल्या आईच्या आणि आपल्या अंगावर येऊन पडतील, आणि घरचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हिशेबाला वेळ उरणार नाही. जनावरे कमी करण्याचे आणखी एक कारण वडिलांना सांगायचे असेल तर हे सांगा.